गाडीतला नको तो आवाज शोधताना: आमची वाटचाल

बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बॅटरी, सेल्फ, आल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र), वायरिंग ही कामं इतर दुकानांसारखी आमच्याकडेही होतात. पण अलीकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत वरवर पाहता काहीच बिघडलेलं नसतं. गाडी एका चावीत चालू होते, लाइट लागतात, एसी गार करतो. मालक मात्र वैतागलेला असतो, कारण आत बसलं की कुठूनतरी शिट्टी, गुणगुण नाहीतर चरचर ऐकू येते. चंदगड, खानापूरकडचा माणूस म्हणतो, "मिस्त्री, आवाज येऊलालाय बघा की." गोकाककडचा म्हणतो, "सौंड बराकत्तैत्री." चोर्ला घाट चढून गोव्याचे लोक येतात ते आधी रेडिओ लावूनच दाखवतात. दारात केए २२, केए २३, एमएच ०९, जीए अशा पाट्यांच्या गाड्या एका रांगेत उभ्या असतात आणि सगळ्यांचं दुखणं एकच असतं.

या कामाला आमच्याकडे सुरुवात झाली ती बाबांपासून. ते डायनामो आणि सेल्फचं वाइंडिंग करायचे. फाउंड्रीवाल्यांचे टेंपो आणि भाजीच्या गाड्या हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या गाभ्यावर, तार भरायची, वार्निश द्यायचं, सुकवायचं, कार्बन ब्रश घासून बसवायचे, असं ते काम. त्यात त्यांची एक सवय होती. आल्टरनेटर उतरवण्याआधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. बेअरिंग गेलंय की पट्टा ढिला आहे, हे ते खोलण्याआधीच सांगायचे. आम्ही भाऊ ते बघत वाढलो. आज दुकानात मीटर आहे, स्कॅनर आहे, तरी आधी कान आणि मग यंत्र हा क्रम आम्ही बदललेला नाही.

कॅसेट प्लेअरचा काळ आला तेव्हा लोकांनी हौसेनं मागच्या काचेखाली मोठे स्पीकर बसवून घेतले. त्याबरोबर शिट्टी आली. गाडी उभी असताना बारीक, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढणारी, सोडला की उतरणारी. बाजारात यावर एक सोपा इलाज मिळायचा, अजूनही मिळतो: फिल्टर नावाची छोटी डबी. प्लेअरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये ती जोडली की शिट्टी कमी होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बाबांना तो प्रकार पटायचा नाही. शिट्टी म्हणजे गाडी काहीतरी सांगतेय, ते ऐकून घ्या, असं त्यांचं म्हणणं. दुकानाचं सगळं पुढचं काम या एका आग्रहावर उभं राहिलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आल्टरनेटर मुळात एसी, म्हणजे दिशा उलटसुलट बदलणारी वीज तयार करतो. आतल्या डायोड प्लेटवरचे डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज करून बॅटरीकडे पाठवतात. ही डीसी बॅटरीतून येते तितकी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा असतात. कारच्या नेहमीच्या आल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पुलीच्या फरकामुळे आल्टरनेटर साधारण दोन हजारांच्या वर फिरतो. हिशोब केला तर सेकंदाला बाराशे-तेराशे लाटा होतात. माणसाच्या कानाला हा सूर अगदी स्वच्छ ऐकू येतो. इंजिनाची गती वाढली की तोच सूर चार-पाच हजारांवर जातो. म्हणून शिट्टी पायाबरोबर चढते-उतरते.

आल्टरनेटर धडधाकट असेल तर या लाटा बारीक असतात आणि बॅटरी त्या पिऊन टाकते. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मल्टिमीटर एसीवर करा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आत आकडा असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर एखादा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. चंदगडकडची एक जीप अशीच आली होती. मालकाला फक्त फिल्टर हवा होता, कारण दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी द्यायची होती. मीटर लावला तर लाट एवढी मोठी, की फिल्टर बसवून पाठवलं असतं तर गाणी छान वाजली असती आणि काही आठवड्यांत बॅटरी बसली असती. प्लेट बदलली. शिट्टी गेली आणि सकाळी सेल्फ जड मारतोय ही तक्रार, जी त्यानं आम्हाला सांगितलीही नव्हती, तीही गेली. तेव्हापासून आम्ही फिल्टर शेवटचा उपाय म्हणूनच ठेवतो, आणि मूळ कारण सापडल्याशिवाय तो लावत नाही.

पण आमच्या भागातलं खरं दुखणं डायोडचं कमी आणि अर्थिंगचं, म्हणजे करंटच्या बॉडीतून बॅटरीकडे परतायच्या वाटेचं जास्त. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. गाडीत ओले पाय, ओल्या छत्र्या, ओली पोती. कार्पेटच्या खालचा फेल्ट पाणी धरून ठेवतो, वरून हात लावला तर कोरडं वाटतं. आणि गाडीतल्या निम्म्या वस्तूंचं अर्थिंग त्याच कार्पेटच्या कडेला, पायाजवळच्या पॅनेलमागे बोल्टनं बॉडीला आवळलेलं असतं. लगखाली (तारेच्या टोकाच्या कडीखाली) गंज धरला, तांब्यावर हिरवी बुरशी आली, की करंटला परत जायला वाट अरुंद होते. मग तो दुसरी वाट शोधतो. पुष्कळ वेळा ती वाट म्हणजे अँप्लिफायरच्या आरसीए केबलचं वरचं जाळीदार आवरण असतं. ज्या तारेतून गाण्याचा नाजूक सिग्नल जायचा, तिच्याच अंगावरून आल्टरनेटरचा करंट परतायला लागतो आणि शिट्टी थेट स्पीकरमध्ये उतरते.

हे तपासायला भारी यंत्र लागत नाही. मीटर डीसीवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं संशयित अर्थच्या बोल्टवर. लाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू. जवळजवळ शून्य दिसायला हवं. ०.२ व्होल्टच्या पुढं गेलं तर तिथं अडथळा आहे. मग बोल्ट काढायचा, रंग खरवडून खालचं लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारायचा, नवा लग दाबून बसवायचा, दातेरी वॉशर टाकून आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. ग्रीस आधी लावायचं नाही, आवळल्यावर लावायचं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिले काही महिने हेच काम देतो. ज्याला अर्थ नीट बांधता आला त्याला पुढचं सगळं येतं, असा माझा अनुभव आहे. अँप्लिफायर बसवताना पॉवरची केबल एका बाजूनं, आरसीए दुसऱ्या बाजूनं न्यायची हाही आमच्याकडचा नियम. एकाच नळीत दोन्ही कोंबले की वर्षभरात ते गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं, मग बसवलेलं कुणाचंही असो.

पुढं डॅशकॅम, मोबाईल चार्जर, एलईडी बल्ब यांचा पूर आला आणि आवाजाची जात बदलली. या वस्तूंच्या आत बारा व्होल्टचे पाच किंवा लागतील तेवढे व्होल्ट करणारं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो, लाखो वेळा करंट चालू-बंद करतं. चांगल्या कंपनीच्या वस्तूत त्याची घाण आतच अडवलेली असते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त मालात ती अडवणारे भागच वगळलेले असतात, आणि ती रेडिओत चरचर होऊन येते. येळ्ळूरकडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना गाडीत आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. सीमाभागातल्या कितीतरी घरांत मराठी बातम्या आणि नाट्यसंगीत त्याच केंद्रावरून आलेलं आहे. गुरुजींची तक्रार अशी की संध्याकाळी घरी परतताना स्टेशन गायब होतं. त्यांनी रेडिओ बदलला, एरियल बदलला. आम्ही भर दुपारी हेडलाइट लावून बघितले आणि सांगली गेलं. बंद केले, सांगली आलं. पोरानं हौसेनं बसवलेले एलईडी बल्ब काढून मूळचे हॅलोजन परत लावले, एवढंच काम. समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडणारी तिरीपही त्यामुळं गेली.

एफएमवर हाच त्रास डॅशकॅमच्या वायरनं होतो. ती वायर लोक विंडशील्डच्या कडेनं, नेमकी काचेतल्या एरियलला चिकटून नेतात. वायरची वाट बदलून तिच्यावर फेराइटचा मणी (अशी घाण अडवणारा काळा कडक मणी) चढवला की पुष्कळ फरक पडतो.

एक काम मात्र आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिलंय. खानापूरचं कुटुंब, नवराबायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी गाडीत बसली की कान दाबून धरायची, टोचतंय म्हणायची. आईवडिलांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी पुढं बसलो, मागं बसलो, मलाही काही नाही. भावालाही नाही. वडील तिच्यावर थोडे चिडलेलेच होते. तेवढ्यात आमच्याकडचा सर्वांत लहान पोरगा पाना आणून द्यायला आत वाकला आणि म्हणाला, "मालक, हे काय किणकिण वाजूलालंय?"

वय वाढतं तशी माणसाची वरच्या सुरांची ऐकण्याची ताकद कमी होत जाते. लहान मुलाला वीस हजार हर्ट्झच्या जवळपासचं ऐकू येतं, पन्नाशीतल्या माणसाला बारा हजारांच्या वरचं ऐकू येईलच असं नाही. मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप उघडलं तर चौदा हजारांच्या जरा वर एक सरळ रेघ उभी होती. मग एकेक वस्तू काढत गेलो. म्युझिक सिस्टिम बंद, रेघ तशीच. एसी बंद, तशीच. गिअरजवळच्या सॉकेटमधला चार्जर उपटला आणि रेघ नाहीशी झाली. मुलीनं कानावरचे हात काढले. चार्जरला फोन जोडला की आवाज बंद व्हायचा आणि फोन नसताना वाजायचा. काम नसलं की आतलं सर्किट थांबत-थांबत चालतं, त्या ठेक्यावर आतली कॉइल थरथरते आणि हा सूर निघतो. वडिलांनी तिथंच मुलीला जवळ घेतलं. बिल आम्ही केलं नाही, चार्जर उपटायचे पैसे कसे घेणार? पण त्या दिवसापासून आवाजाच्या प्रत्येक गाडीत आम्ही एका लहान आणि एका मोठ्या माणसाला बसवतो. मुलं सांगतात ते खोटं नसतं, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच.

काही आवाज आम्ही बंद करत नाही, आणि यावरून गिऱ्हाईकं नाराज होऊन गेलेली आहेत. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारी घंटी आणि वेगाची सूचना सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की ठराविक वेळानं बीप, १२० च्या वर सतत बीप. निपाणीपासून धारवाडपर्यंत मोकळा हायवे मिळाला की हा बीप लोकांना नको होतो. कुणी बेल्टच्या खाचेत घालायची नुसती क्लिप मागतो, कुणी वायरच काप म्हणतो. त्या क्लिपा ऑनलाइन विकण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये कारवाई केली. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावणं तर एअरबॅगशी खेळणं आहे. बेल्ट नसताना उघडणारी एअरबॅग माणसाला वाचवेलच असं नाही, ती इजाही करते. आम्ही नाही म्हणतो आणि दुसरीकडेही करून घेऊ नका असं सांगतो. शेजारच्या सीटवर दुधाचा कॅन किंवा पिशवी ठेवल्यानं घंटी वाजत असेल तर कॅन मागं ठेवा. रिव्हर्सचा सेन्सर कोरड्या रस्त्यावर मागं काही नसताना ओरडत असेल तर आधी त्यावरची लाल माती पुसा. खानापूर भागातून येणाऱ्या गाड्यांत पावसाळाभर हेच निघतं.

आता इलेक्ट्रिक गाड्याही दारात यायला लागल्यात. त्यांत आल्टरनेटर नाही, मोठ्या बॅटरीवरून बारा व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर आहे, त्यामुळं आवाजाचा स्वभाव वेगळा. बारा व्होल्टच्या बाजूचं, म्हणजे म्युझिक, चार्जर, कॅमेरा यांचं काम आम्ही घेतो. मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावत नाही. त्यासाठी लागणारं शिक्षण माझा पुतण्या घेतोय.

आवाजाचं काम घेऊन येणार असाल तर गाडी आवरून, रिकामी करून आणू नका. रोज जे चार्जर, जो डॅशकॅम, जे पेनड्राइव्ह लावता ते सगळं तसंच असू द्या. आवाज कधी येतो ते आठवून या: इंजिन बंद असताना, आयडलला, वेगाबरोबर चढत, की फक्त पावसात. जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. आणि घरात लहान मूल असेल, शाळेला सुट्टी असेल, तर त्यालाही घेऊन या.