दोघांना एक ब्लॉक हवा

'घरौंदा'ची गाणी गुणगुणणारे ढिगाने भेटतात. पण सिनेमा पाहिलाय का, असं विचारलं की गाडी "अमोल पालेकर आहे ना त्यात?" इथेच अडते. १९७७ सालचा हा सिनेमा भीमसैन यांचा. 'एक अनेक और एकता' या अ‍ॅनिमेशनपटातल्या जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्या ज्यांनी आपल्याला दाखवल्या, तेच हे.

सुदीप आणि छाया एका ऑफिसातले. तो मित्रांबरोबर एका खोलीत दाटीवाटीने राहणारा, ती भाऊ-भावजयीच्या टीचभर घरात. प्रेम चटकन जमतं, घोडं अडतं ते जागेपाशी. इतर सिनेमांत प्रेमाच्या आड बाप येतो, नाहीतर जात. इथे आडवा येतो बिल्डर. मुंबईत लग्न ठरवताना पत्रिकेआधी जागेचं बघावं लागतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना हा सिनेमा आपल्याच घरातला वाटेल.

'दो दीवाने शहर में' नुसतं ऐकू नका, बघा. दोघं अर्धवट बांधलेल्या इमारतींतून हिंडतात. भिंतींचा पत्ता नाही आणि यांच्या डोळ्यांपुढे खिडक्यासुद्धा उघडल्यात! भूपिंदर आणि रूना लैला गातात तेही कसे, तर उगाच आळवत न बसता, चालता चालता गप्पा माराव्यात तसे. पुढे तोच मुखडा भूपिंदर एकटाच गातो, 'एक अकेला इस शहर में'. 'दो'चा 'एक' झाला, एवढाच काय तो फरक. संगीतकार जयदेव आणि गीतकार गुलजार यांनी तेवढ्यात सगळी गोष्ट सांगून टाकलीय.

मध्ये काय होतं? बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग सुदीपच्या डोक्यात जे येतं ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. कंपनीचे मालक मोदी विधुर आहेत, हृदयविकाराचे रोगी आहेत, त्यांना छाया आवडते. तू त्यांच्याशी लग्न कर, ते काय फार दिवस जगणार नाहीत, मग सगळं आपलंच! पालेकरांच्या त्या साध्यासुध्या चेहऱ्यातून हे बाहेर पडतं, म्हणून जास्तच लागतं. खलनायक असता तर आपण सुटलो असतो.

आणि मोदी म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मूळचे पेशाने डॉक्टर, इथे रोगी. छाया खरंच त्यांच्याशी लग्न करते आणि बायकोच्या मायेने हा माणूस दगावायचा सोडून चक्क सुधारत जातो. शेवटाकडे कथा थोडी ओढूनताणून नेल्यासारखी वाटते, पण लागूंनी मोदींना कुठेही बिच्चारा होऊ दिलेलं नाही. छाया त्यांच्यात गुंतत जाते तेव्हा मी तरी बेलाशक तिच्या बाजूने असतो. सुदीपचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण हिशेब त्यानेच मांडला होता ना?