‘१>२’चा उलगडा

जळगावच्या घरातील लिनक्स संगणकावर कालच्या अपडेटनंतर नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) आला आणि वायफाय कार्ड दिसेनासे झाले. जुना कर्नल निवडला की ते व्यवस्थित चालते. म्हणून आज भर दुपारी, कूलरसमोर बसून, ग्रबच्या (संगणक सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डिफॉल्ट फाइलमध्ये जुना कर्नल कायमचा नेमण्याचे काम हाती घेतले. मी ‘२’ लिहिले, बदल लागू करणारी अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवली, आणि पुन्हा सुरू करताच पडद्यावर मेमरी टेस्ट उघडली. ग्रब शून्यापासून मोजतो, म्हणजे ‘२’ ही मेनूतील तिसरी ओळ, हे ठाऊक होते. मात्र जुने कर्नल ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या उपमेनूत असतात आणि त्यांचा पत्ता दोन टप्प्यांत, आधी उपमेनूचा क्रमांक आणि मग त्यातल्या ओळीचा, असा द्यावा लागतो, हे ध्यानात यायला दीड तास गेला. तेथे प्रत्येक कर्नलखाली रिकव्हरीची (दुरुस्तीसाठी सुरू करण्याची) एक ओळ असते, त्यामुळे मागचा कर्नल "१>२" ठरतो, आणि ही फाइल शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) वाचत असल्याने आणि मधल्या चिन्हाचा तो वेगळा अर्थ लावत असल्याने तो अवतरणचिन्हांतच लिहावा लागतो. पुढच्या अपडेटला हे आकडे सरकणार, म्हणून अखेर ग्रब-सीएफजी या तयार मेनूच्या फाइलमधून उपमेनूची व कर्नलची पूर्ण ओळखखूण घेऊन तीच लिहिली. संध्याकाळी आईचा धुळ्याच्या मावशीशी व्हिडिओ कॉल विनाअडथळा झाला.