लस टोचली दसऱ्याला, कॉम्प्युटरला कळली नाताळात

पौषातल्या यात्रेला बैलगाडा शर्यतीत आमचा गाडा पळाला. चांगला पळाला, पण त्याबद्दल इथे लिहीत नाही. गाडा घाटापर्यंत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीपर्यंत, नेण्यासाठी बैलांच्या आरोग्य प्रमाणपत्राचा जो एक कागद लागतो, त्याने डोकं उठवलं. ते अजून उतरलेलं नाही.

सात वर्षं शर्यती कोर्टात अडकल्या होत्या. 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, एक हंगाम कसाबसा मिळाला आणि 2022 च्या सप्टेंबरात लम्पीमुळे, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगामुळे, बाजार, प्रदर्शनं, शर्यती सगळं पुन्हा बंद. त्या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. घाटावर शेकडो बैल एकाला एक लागून बांधलेले असतात, पाच-सहा तालुक्यांतून पिकअपमध्ये भरून आलेले. लम्पी पसरवतात चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड. एका बैलाच्या अंगावरची माशी शेजारच्यावर बसायला किती वेळ लागतो? बरं, अंगावर गाठ दिसायच्या आधीच बैल आजारी असू शकतो, म्हणजे नुसतं डोळ्याने पाहून सोडता येत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक गाय पाय सुजून बसली ती उठलीच नाही. ते पाहिलेला माणूस बंदीवर बोलणार नाही.

बंदी सैल झाली तेव्हा आमच्याकडे अट आली : कानात बिल्ला, लस घेऊन 28 दिवस पूर्ण आणि डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र. अट रास्त आहे. लस टोचली की त्याच दिवशी अंगात ताकद येत नाही, त्याला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. आमच्या दोन्ही बैलांना दसऱ्याच्या आसपास गोठ्यात येऊन लस दिली होती. शेळ्यांच्या देवी रोगाची जी लस तेव्हा लम्पीसाठी देत होते तीच, मानेजवळ कातडीखाली एक मिली. म्हणजे पौषापर्यंत 28 सोडा, तिप्पट दिवस झाले होते. मी निर्धास्त.

दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी बिल्ल्याचे बारा आकडे टाकले, स्क्रीन माझ्याकडे न वळवताच म्हणाले, "लस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. दिवस भरत नाहीत."

मी म्हटलं, साहेब, तुमचेच पशुधन पर्यवेक्षक दसऱ्याला लस टोचायला आले होते. म्हणाले, "सिस्टीमला जे आहे तेच मी मानणार." झालं असं होतं की टोचणी झाली ऑक्टोबरात आणि नोंद चढली डिसेंबरात. यात टोचणाऱ्या पोरांचा दोष मी धरत नाही. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गाई-बैलच 1 कोटी 39 लाखांच्या घरात, आणि ती पोरं सकाळपासून अंधार पडेपर्यंत गोठ्यागोठ्यांतून फिरत होती. नोंदी मागे पडणारच. पण मागे पडलेली नोंद ज्या तारखेला चढली तीच लसीची तारीख, हे कुठलं गणित? यात्रा तोंडावर, समितीकडे गाड्याचं नाव दिलेलं, बारी, म्हणजे पळायची पाळी, ठरलेली, आणि हे साहेब दर वेळी तोच बिल्ला तसाच टाकून तीच तारीख वाचून दाखवायचे. जणू मधल्या काळात ती बदलली असेल. एकदा तर जेवणाची सुट्टी झाली म्हणून खिडकी लावली आणि आतूनच सांगितलं, "भाऊ, तारीख तीच आहे."

मग पर्यवेक्षकाला गाठलं. त्याने पिशवीतून शाळेची वही काढली. पानाच्या वर गावाचं नाव, तारीख, लसीचा बॅच नंबर. खाली मालकांची नावं आणि प्रत्येक बिल्ल्याचे शेवटचे चारच आकडे. पावसाने शाई थोडी पसरलेली, पण माझं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आता सुटलो, असं वाटलं. खिडकीवर वही ठेवली तर उत्तर, "यात चारच आकडे आहेत. बारा कुठे?" त्या क्षणी मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुटका केली तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी मॅडमनी. त्यांनी माझं ऐकूनही घेतलं नाही, आधी वहीतला बॅच नंबर पाहिला आणि साठ्याचं रजिस्टर मागवलं. त्या बॅचच्या कुप्या दिवाळीआधीच संपलेल्या. संपलेली लस डिसेंबरात टोचणार कोण? माझ्या अर्जावरच शेरा मारला, सही केली, शिक्का मारला. खिडकीवरच्या साहेबांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि शेवटी प्रमाणपत्राचं पुस्तक काढलं. मी हसलो नाही, पण बरं वाटलं हे खरं.

तेव्हा सांगायचं ते हे की लस टोचतानाच टोचणाऱ्याकडून तारीख, बॅच नंबर आणि पूर्ण बारा आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या, सही घ्या, मोबाईलवर फोटो काढा. आणि आठवड्याभराने नोंद चढली का ते विचारा. यात्रेच्या आठवड्यात विचारू नका.

बाकीची परवानगी तेव्हा समितीचं काम होतं : जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, 50 हजारांची अनामत, धावपट्टी 1000 मीटरच्या आत, रुग्णवाहिका, पूर्ण शर्यतीचं चित्रीकरण. आमच्या समितीने ते वेळेत केलं, त्यात मला काही पाहावं लागलं नाही.

आणखी एक राहिलं. घाटावर डॉक्टर पुन्हा बैल तपासतात : ताप, नाक-डोळे, मानेवर-पोटाखाली हात फिरवून गाठी. लांबच्या प्रवासाने बैल तापलेला असतो, म्हणून पहाटेच पोचा आणि सावलीत बांधा. पाण्याची बादली आपली न्या, दुसऱ्याला देऊ नका, मित्र असला तरी. तोंड वाकडं करतील, करू द्या. गाडी घरून निघताना आणि परतल्यावर जंतुनाशकाने धुवा.

परतल्यावर आईने बैल गोठ्यात घेऊच दिले नाहीत. दुभत्या गाई आत होत्या. महिनाभर बैल पलीकडच्या आंब्याखाली राहिले, रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. मी म्हटलं, "अगं, प्रमाणपत्र आहे." म्हणाली, "ते साहेबाला दाखव."