सुकाणूपासून हात लांब ठेवण्याची परीक्षा

बोट चालवायला शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळवायला मला आधी स्वतः व्यावसायिक चालक म्हणून पास व्हावं लागलं, आणि त्याच्याही आधी कागद गोळा करावे लागले. वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, रेडिओ वापरण्याचा परवाना आणि पाण्यावर घालवलेल्या तासांची नोंदवही. देशागणिक नियम बदलतात, माझ्या यादीत ही चार नावं होती. नोंदवहीने सगळ्यात जास्त छळलं. जुन्या फेऱ्यांवर सही द्यायला तेव्हाचा चालक शोधून काढायचा म्हणजे वैताग. ज्यांना पुढे कधी हे करायचंय त्यांनी त्या दिवसाची सही त्याच संध्याकाळी घ्यावी.

डोळे तपासताना रंग ओळखायला लावतात, त्यावर आमच्या तुकडीत बरीच कुरकुर झाली. मग सरांनी वर्गातले दिवे घालवले आणि पडद्यावर एकच लाल ठिपका दाखवला. बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. रात्री आपल्या उजव्या हाताला, आडव्या येणाऱ्या इंजिनाच्या बोटीचा लाल दिसला तर वाट आपण द्यायची. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ आपल्यावर येतेय, दोघांनीही उजवीकडे वळायचं. काळोखात हा निर्णय निव्वळ रंगावर होतो. कुरकुर तिथेच थांबली.

लेखी परीक्षेचा गाभा म्हणजे टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम. घोकून पास होता येतं, मीही थोडंफार घोकलंच. पण एक गोष्ट पाण्यावर गेल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दूरची बोट आपल्या कठड्याच्या एखाद्या खांबाशी जुळवून बघायची. ती खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत गेली तर सहसा प्रश्न नाही. खांबाला चिकटून राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली. अशी बोट जागची हललेली वाटतच नाही, म्हणून नवख्या माणसाला तिची भीतीही वाटत नाही.

प्रात्यक्षिकात बोट धक्क्याला लावणं, गाठी, नांगर टाकणं हे सगळं असतं, त्यावर फार लिहीत नाही; सरावाने जमतं. खरी कसोटी पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेण्याची. पुतळा पाण्यात टाकतात आणि ओरडतात. त्याच क्षणी एकाने हात लांब करून पुतळ्याकडे बोट दाखवायचं आणि काही झालं तरी नजर हलवायची नाही. लाटांमध्ये डोकं दिसेनासं व्हायला वेळ लागत नाही. चालकाने वळून वाऱ्याच्या तोंडावर हळू यायचं आणि माणूस बाजूला येण्याआधी गिअर न्यूट्रलला. बोटीचा पाण्याखालचा पंखा फिरत असताना माणूस जवळ आला तर मदतच जिवावर उठते. थंड पाण्याचं एक गणित सर रोज म्हणून घ्यायचे: 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय नीट चालण्याची, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. म्हणजे दहा मिनिटांनंतर दोर फेकला तरी समोरच्याच्या बोटांना तो धरवेलच असं नाही.

इथपर्यंत बोट माझ्या हातात होती. प्रशिक्षकाच्या कोर्सला ती दुसऱ्याच्या हातात गेली आणि सगळंच बदललं.

पहिला धडा उभं कुठे राहायचं याचा. शिकणाऱ्याच्या इतकं जवळ की थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, आणि इंजिन बंद करायचं बटण हाताच्या टप्प्यात असेल, पण इतकं नाही की तो तुमच्या तोंडाकडे बघत चालवेल. दुसरा धडा मर्यादा आधीच ठरवण्याचा. धक्क्यापासून अमुक अंतरावर वेग उतरला नसेल तर सुकाणू मी घेणार. त्याच्या अलीकडे कितीही वेडंवाकडं चाललं तरी हात खिशात. हे लिहायला सोपं आहे. समोरचा उलटं सुकाणू फिरवतोय, बोटीची मागची बाजू फेकली जातेय आणि आपण गप्प उभे, यात घाम फुटतो. बहुतेक नवशिके फक्त पुढचं टोक बघतात. बोट मागून वळते हे तोंडाने सांगून पटत नाही, मागची कड खांबाच्या जवळून जाताना त्यांना स्वतःला दिसावी लागते. शिक्षक मधे पडला की ते दिसायचं राहून जातं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकच विद्यार्थी झाले. आधी अतिशहाणा, लाईफ जॅकेटचा पट्टा मोकळा सोडून बसलेला. मग घाबरट; इंजिनाचा आवाज वाढला तसे थ्रॉटल पुढे दाबून गोठल्यासारखे बसले. मी किल कॉर्ड ओढली. ही लाल, गुंडाळीची दोरी चालकाच्या पायाला अडकवलेली असते. चालक बाहेर फेकला गेला की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पाण्यातल्या माणसावरच येऊ शकते. शांतता झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता मी दोरीसकट पाण्यात पडलोय असं समजा. बोट चालू कशी करणार?" मी खणातली जादा दोरी काढून दाखवली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला, जो त्या दिवशी मला वारंवार ऐकावा लागला: "इंजिन आत्ता बंद पडलं तर वारा आपल्याला कुठे नेईल?" सरावाची जागा निवडतानाच याचं उत्तर तयार हवं. शिकणाऱ्यांना खडकांच्या बाजूला वारा ढकलतोय अशा ठिकाणी नेलं, तर पुढचा पाठ कितीही सुंदर असो, गुण जातात. जायलाच हवेत.

शेवटी शिकणाऱ्याला अभिप्राय द्यायचा होता. नियम असा की आधी त्याला विचारायचं, काय वाटलं. मग सुधारणा एकच सांगायची. माझ्या यादीत पाच होत्या. वेगाची सांगितली, चार गिळल्या.

पास झाले. प्रथमोपचाराच्या कागदाची मुदत सगळ्यात आधी संपते, ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवली आहे.