'आमचे हे' कोरियनमध्ये

"बाई, तुम्ही मराठीच्या, आणि रात्री जागून कोरियन मालिका बघता?" शिक्षकखोलीत गेली काही वर्षं मला हे विचारलं जातं. विचारणाऱ्यांत इतिहासाचे सर आहेत, माझी जाऊ आहे, नववीतल्या मुलींच्या आया आहेत. आपली लेक बीटीएस या कोरियन बँडमधल्या त्या सात मुलांच्या गाण्यांत एवढं काय ऐकते, हे त्यांना खरं तर समजून घ्यायचं असतं. दर वेळी तासाची घंटा होते आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहतं. ते आज पूर्ण सांगते.

2020 च्या टाळेबंदीत लेकीने मला 'रिप्लाय 1988' लावून दिली. ही 2015 सालची मालिका सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीची, तिथल्या पाच घरांची. पहिल्याच भागात रात्रीच्या जेवणाआधी एक आई मुलाच्या हाती भांडं देऊन त्याला शेजारी पिटाळते. शेजारीण त्याला तसंच परत कसं पाठवेल? तीही काहीतरी देते. मग प्रत्येक घरातून कुणी ना कुणी वाडगं घेऊन निघतं, मुलं गल्लीत एकमेकांना ओलांडत धावतात आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात सगळ्या गल्लीचं रांधलेलं येतं. मी सांगलीत वाड्यात वाढले. शेजारची वाटी आईने कधी रिकामी परत केली नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. त्यातली नायिका घरातली मधली मुलगी, तिचा वाढदिवस दर वर्षी थोरल्या बहिणीच्या केकवरच उरकतात. मीही तिघींतली मधली. त्या रात्री मी रडले.

पण माझं मन खरं अडकलं ते भाषेत. मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह बघत होते. खाली 'माय हजबंड' असं यायचं आणि कानावर 'उरी नाम्प्योन' पडायचं. 'उरी' म्हणजे आमचा, आमची. शब्दशः 'आमचा नवरा'. कोरियन बाई 'माझा नवरा' सहसा म्हणतच नाही! आपल्याकडच्या बायका 'आमचे हे' म्हणत आल्या, तसंच. घर आमचं, आई आमची, मग ती बोलणाऱ्याची एकटीची का असेना. पुढे खाणावळीतल्या वाढणाऱ्या बाईला एकाने 'इमो' अशी हाक मारली. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. आपण पोळ्या करणाऱ्या बाईंना, शाळेतल्या शिपाईबाईंना मावशी म्हणतो, तीच ही हाक. बापाच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, 'कोमो', म्हणजे आपली आत्या. इंग्रजीत दोघींची 'आंटी' होते आणि नात्याची बाजूच पुसली जाते.

तेव्हापासून मी हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, शिकायला बसले. राजा सेजोंगने 1446 साली ती लोकांपुढे ठेवली. चिनी अक्षरं शिकता न आलेल्या सामान्य माणसाला मनातलं लिहिता यावं म्हणून ती घडवली, असं त्याने प्रस्तावनेत म्हटलं आहे. उच्चार करताना जीभ कुठे लागते, ओठ कसे मिटतात, त्यावरून व्यंजनांचे मूळ आकार ठरले. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग फळ्यावर लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. हे वाचल्यावर मला किती आनंद झाला, सांगू शकत नाही.

क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. आदर मात्र आपल्याहून खोल मुरलेला. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात आणि जेवणही. पण आजोबांच्या जेवणाला 'बाप' न म्हणता 'चिन्जी' म्हणायचं, आणि क्रियापदही बदलायचं. दोन माणसं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतात तो क्षण कोरियन प्रेमकथेत मिठीइतकाच महत्त्वाचा असतो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या हातून तो बहुधा निसटतो. मराठी माणूस नुसत्या कानाने तो पकडू शकतो.

इतिहासाच्या सरांसाठी हे खास. जपानने 1910 पासून 1945 पर्यंत कोरियावर राज्य केलं. 1938 नंतर शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत गेली, 1940 पासून लोकांना जपानी नावं घ्यायला लावली. स्वातंत्र्यानंतर दक्षिण कोरियाने जपानी चित्रपट-गाण्यांना दार बंद ठेवलं. 1997 च्या आर्थिक संकटात लोकांनी देशासाठी रांगा लावून घरातलं सोनं दिलं. पाठोपाठ सत्तेवर आलेल्या किम दे-जुंग यांनी ते दार 1998 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने उघडलं आणि आपल्या कलांसाठी सरकारी पैसा उभा केला. आता जपानी लाटेत आपण बुडणार, अशी भीती अनेकांना होती. झालं भलतंच. 2003 मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर 'विंटर सोनाटा' ही कोरियन मालिका लागली आणि जपानी बायका तिचं चित्रीकरण झालेलं नामी बेट बघायला विमानाने कोरियात येऊ लागल्या. जी भाषा जपानने शाळेतून काढली, तिच्यातल्या प्रेमकथेसाठी त्याच देशातल्या बायका रडत होत्या. हे वाक्य मी वर्गात सांगते तेव्हा माझा आवाज बदलतो.

2021 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने कोरियन उगमाचे सव्वीस शब्द घेतले. त्यांत 'ओप्पा', 'नूना', 'ऑन्नी' आहेत. बहिणीने थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणायचं, भावाने थोरल्या बहिणीला 'नूना', बहिणीने थोरल्या बहिणीला 'ऑन्नी'. जगभरच्या मुलींनी ही नाती भाषांतर न करता जशीच्या तशी उचलली.

कोरियाच्या या गाण्यांच्या उद्योगात जे क्रूर आहे त्याकडे मी डोळेझाक करत नाही. मुलं कोवळ्या वयात वर्षानुवर्षं तालमींत पिळली जातात. 2019 च्या ऑक्टोबरात गायिका सुल्ली गेली, नोव्हेंबरात गायिका कू हारा. दोघी तिशीच्या आतल्या. नववीतल्या मुलींशी मी यावरही बोलते, आणि त्या मोठ्यांपेक्षा जास्त शांतपणे ऐकतात.

लेक आता हैदराबादला नोकरी करते. रात्री नऊला तिचा निरोप येतो, 'बाप मॉगॉस्सॉ?' जेवलीस का? कोरियात माणसं ख्यालीखुशालीच्या जागी हेच विचारतात, माझी आईही दारात आलेल्या प्रत्येकाला हेच विचारायची. मी हांगुलमध्ये उत्तर लिहिते. माझी जोडाक्षरं अजून चुकतात, आणि लेक ती दुरुस्त करून परत पाठवते.