रावणेश्वराच्या तळ्यावरचं स्टेडियम

यंदा मार्चमध्ये कोल्हापूरला गेलो तो फक्त फुटबॉलसाठी. लग्न नाही, बारसं नाही, अंबाबाईचं दर्शनसुद्धा दुसऱ्या दिवशी. महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सकाळी उतरलो, भाच्याच्या गाडीवर मागं बसलो आणि दसरा चौक, बिंदू चौक करत मिरजकर तिकटीला आलो. तिथं सामन्यांचा फलक लागला होता. पहिला सामना दोनला, दुसरा चारला, खाली तालमींची, म्हणजे इथल्या फुटबॉल संघांची, नावं. चारच्या सामन्याला पाटाकडील आणि खंडोबा. ती दोन नावं शेजारी शेजारी वाचली आणि रात्रभराच्या प्रवासाचा शीण गेला.

राजर्षी शाहू स्टेडियम खासबागेजवळ आहे. एका अंगाला शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, पलीकडं संस्थानकाळात हत्तींचे खेळ व्हायचे ती साठमारी. नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, त्या रात्री मुंबईत फोनवर ते बघताना घरातलंच कोणी गेल्यासारखं झालं होतं. कुस्ती, नाटक आणि फुटबॉल इतक्या हाकेच्या अंतरावर असलेली दुसरी जागा महाराष्ट्रात मला माहीत नाही.

स्टेडियमच्या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. कोल्हापुरातली कितीतरी तळी अशी बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली आणि रावणेश्वराच्या वाट्याला फुटबॉल आला. देऊळ शेजारीच आहे. वळवाचा पाऊस पडून मैदानात पाणी साठलं की आज्जी म्हणायची, ‘तळं आपली जागा मागायला आलंय.’

मला तिथं पहिल्यांदा नेलं मामांनी. तेव्हा मैदानावर गवत जेमतेम होतं. गोलपोस्टच्या पुढची जमीन तर पार उघडी, टाचांनी खणून काढलेली. आम्ही उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर बसायचो. मामा आधी रुमाल अंथरायचे, त्यावर मला बसवायचे आणि स्वतः मात्र सगळा सामना उभ्यानं बघायचे. बसून फुटबॉल बघणारा माणूस त्यांना परका वाटायचा. शेंगदाण्याची पुडी, खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या आणि कानावर सगळीकडून एकच गलका: ‘आरं पास दे की! एकटाच खेळतोस व्हय?’

बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही, पण इथं संघ हा क्लबचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, उत्तरेश्वर, संध्यामठ, जुना बुधवार पेठ. ज्या तालमींनी पैलवान घडवले, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. गणपतीची वर्गणी मागायला येणारा पोरगा, मिरवणुकीत झांज वाजवणारा पोरगा आणि संघाचा लेफ्ट बॅक हा एकच असायचा. आमच्या गल्लीतला एक सेंटर फॉरवर्ड सकाळी कट्ट्यावर म्हशी आणून दूध काढून द्यायचा. आज्जी तांब्या पुढं करायची आणि आदल्या दिवशी त्यानं गोल घालवला असेल तर धार निघेपर्यंत त्याला ऐकवायची. तोही मान खाली घालून ऐकायचा. ‘आज्जी, पाय घसरला वं,’ एवढंच म्हणायचा.

मोठ्यांच्या जगाशी माझी ओळख अशी झाली. ज्याच्यासाठी हजारो माणसं ओरडतात, त्याच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक असतो. त्याची आई आपल्या आईबरोबर मंडईत जाते. मुंबईत आल्यावर मोठमोठे सामने बघितले, टीव्हीवर युरोपातले बघितले, खेळ नक्कीच वरच्या दर्जाचा होता. पण ही जवळीक कुठं सापडली नाही.

एक सामना अजून अंगावर येतो. मे महिना, अंतिम सामना, उत्तरार्धात पन्हाळ्याच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. कोणी जागचं हललं नाही. चिखलात बॉल जड झाला, मारला तरी चार पावलांवर रुतायचा. टायब्रेकरवर आलं. शेवटची पेनल्टी मारायला जो आला, त्यानं बॉल ठेवला, तो चिखलात कलंडला. त्यानं परत उचलला, स्वतःच्या शर्टाला पुसला, शर्टही चिखलाचाच. मग गुडघ्यावर बसून हातानं थोडी जागा सपाट केली आणि बॉल ठेवला. गोली ओळीवर उभा राहून हे सगळं बघत होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. मामांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. गोल झाला. त्यानंतर हलगी, घुमकं आणि भिजून गच्च झालेला गुलाल. आईनं माझा शर्ट धुवायचा प्रयत्न केला, डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

आता गवत आहे आणि खेळ पुष्कळ वेगवान झालाय. गेली काही वर्षं तालमी परदेशी खेळाडू आणतात, बरेचसे आफ्रिकेतले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. इतक्या लांबून येऊन पेठेच्या पोरांत राहायचं, तांबडा-पांढरा खायचा आणि या प्रेक्षकांपुढं खेळायचं हे सोपं नाही. तरीही माझं मन पेठेच्या पोरावरच जातं. त्याला बाकावर बसवून संघ जिंकला तर तो विजय मला अर्धाच वाटतो. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असं आणखी घडायला हवं असेल तर पोरांना मैदानावर मिनिटं मिळाली पाहिजेत.

दुसरी गोष्ट हुल्लडबाजीची. ईर्ष्या हवीच, ईर्ष्येशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल नाही. पण दगड आणि बाटल्या आल्या की बायका-पोरं यायची बंद होतात आणि हंगामावरच गदा येते. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तोटा शेवटी खेळणाऱ्यांचाच होतो.

चारचा सामना बरोबरीत सुटला. खरं तर मी जास्त बघत होतो ते एका बाजूच्या राईट बॅककडं. पोरगा अठरा-एकोणीसचा असेल. पूर्वार्धात समोरच्या विंगरनं त्याला तीनदा सहज चकवलं, त्याच्याच तालमीच्या माणसांनी त्याला नावं ठेवली. उत्तरार्धात त्यानं जागा बदलली, दोन पावलं आत सरकला, विंगरला कडेच्या रेषेकडं ढकलायला लागला आणि शेवटच्या वीस मिनिटांत तिथून एकही क्रॉस आला नाही. कोणी त्याला ओरडून शिकवलं नव्हतं, त्यानं स्वतः ओळखलं. माझ्या पुढच्या पायरीवरचे पांढऱ्या टोपीतले एक आजोबा तेवढ्यासाठी उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘कळलं बघा पोराला.’

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही जा, फक्त आधी वर्तमानपत्रात सामने बघून घ्या. चारच्या सामन्याला तीनलाच पोचा, दोनच्या सामन्याचा शेवटही मिळतो आणि जागाही. डोक्यावर टोपी हवी, पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. कुठल्या तालमीचे समर्थक कुठं बसलेत हे विचारून मगच पायरी निवडा. आणि सुटल्यावर लगेच घर गाठू नका. खासबागेत भेळ घ्या आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारा की दुसरा हाफ चुकला कुणामुळं. रात्रीचं जेवण उशिरा होईल एवढं घरी सांगून ठेवा.