बुद्धिबळाची दोन इंजिनं समोरासमोर बसवताना

बुद्धिबळाचं इंजिन म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम. तो उघडला की पट दिसत नाही, नुसती काळी खिडकी दिसते. स्टॉकफिशसारखं बलाढ्य इंजिनही तसंच. ते फक्त मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं. पट, घड्याळ, निकालाची नोंद हे सगळं दुसऱ्या प्रोग्रॅमने सांभाळायचं असतं. दोघांमधल्या बोलण्याची ठरलेली रीत म्हणजे यूसीआय. ती २००० साली आली आणि आजची बहुतेक इंजिनं तीच वापरतात.

मी यात पडलो ते भाचीमुळे. ती कोथरूडला राहते, इंजिनिअरिंग करते. तिने सी भाषेत छोटं इंजिन लिहिलं, मग त्यात ‘नल मूव्ह’ ही शोध लवकर आटपण्याची युक्ती (ती पुढे सांगतो) घातली आणि विचारलं, "मामा, नवं खरंच जास्त चांगलं खेळतंय का, हे कसं ठरवायचं?" प्रश्न मला फार आवडला. माणसाने चार डाव खेळून याचं उत्तर मिळत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशीच खेळवायला हवी.

सामने लावायला आम्ही क्यूटचेस घेतलं. ते फुकट आहे, आणि पटाशिवाय नुसत्या कमांडवरही चालतं. सुरुवातीलाच अडलं. भाचीचं इंजिन टर्मिनलमध्ये नीट उत्तर द्यायचं, पण क्यूटचेसला जोडलं की गप्प. कारण शोधताना बराच वेळ गेला. टर्मिनलवर प्रत्येक ओळ लगेच बाहेर पडते. दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडल्यावर तीच ओळ बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकून राहते. इंजिन ‘यूसीआयओके’ (यूसीआय समजतं, असं ठरलेलं उत्तर) म्हणत होतं, ते पलीकडे पोचतच नव्हतं. ओळ छापणाऱ्या प्रिंटएफनंतर साठा लगेच बाहेर ढकलणारं एफफ्लश लिहिलं आणि डाव सुरू झाला. स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं.

स्टॉकफिशची अडचण वेगळी होती. माझा लॅपटॉप जुना, त्याच्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ हा नवा सूचनासंच कळत नाही, त्यामुळे त्यासाठी बांधलेली फाइल उघडताक्षणी बंद पडायची. जुन्या प्रोसेसरसाठीची फाइल उतरवली, ती चालली. अर्थात स्टॉकफिशपुढे भाचीचं इंजिन प्रत्येक डाव हरलं, आणि सगळे डाव हरण्यातून ताकदीचा अंदाज येत नाही. प्रतिस्पर्धी जवळपासच्या ताकदीचाच लागतो.

खरी गंमत सुरुवातीच्या चालींची आहे. दोन इंजिनं मूळ मांडणीपासून खेळवली तर ती पुन्हापुन्हा जवळजवळ तेच डाव खेळतात. म्हणून ओपनिंगची तयार फाइल द्यायची आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवायचं, दुसऱ्यांदा रंग बदलून. म्हणजे पांढऱ्याला आयता फायदा मिळाला तरी तो दोघांना सारखा मिळतो. हॅश (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) दोघांना सारखा, थ्रेड (एका वेळी चालणारे शोध) एकेक, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं बंद. वेळ ठेवली प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १० सेकंद आणि वर प्रत्येक चालीला ०.१ सेकंद जादा.

पुण्यातला मे महिना इथे आडवा आला. दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, आणि इतक्या कमी वेळेच्या डावांत इंजिनं घड्याळावर हरू लागतात. तो हरण्याचा प्रकार निकालात धरण्यात अर्थ नाही. तपकीर गल्लीतून कूलिंग पॅड आणलं, तरी मोठे सामने रात्रीच लावले. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तो दिवस टाळला.

१०० डावांत ५५ टक्के गुण मिळाले की माणूस खूश होतो. एलोत, म्हणजे खेळाडूची ताकद मोजायच्या मापात, तो फरक सुमारे ३५ गुणांचा, पण एवढ्या डावांत अंदाज इकडेतिकडे चुकण्याची शक्यताच साधारण ५० गुणांची असते. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही एसपीआरटी ही संख्याशास्त्रीय चाचणी लावली. ती प्रत्येक डावानंतर हिशेब करते आणि पुरेशी खात्री झाली की सामना थांबवते. स्टॉकफिशच्या खेळावर परिणाम करणारे बदल २०१३ पासून फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी-व्यवस्थेवर याच पद्धतीने पारखले जातात.

आमची चाचणी रेंगाळत होती, म्हणून हरलेले डाव उघडून पाहिले. नवी आवृत्ती मधल्या खेळात सरस होती आणि प्याद्यांच्या शेवटात माती खात होती. नल मूव्हमध्ये इंजिन स्वतःची पाळी सोडून बघतं: प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन चाली दिल्या तरी आपली स्थिती चांगलीच राहत असेल, तर चालींचा तो फाटा पुढे शोधायचा नाही. पण राजा आणि प्यादीच उरली की कित्येकदा चाल करावी लागणं हेच नुकसान असतं, आणि तिथे हा हिशेब उलटतो. भाचीने अट घातली: हत्ती, घोडा, उंट, वजीर यांपैकी काही शिल्लक असेल तरच नल मूव्ह. त्यानंतर चाचणी पार झाली.

स्वतःच्याच जुन्या आवृत्तीविरुद्ध मिळालेली वाढ मात्र बहुधा फुगलेली दिसते. म्हणून आता तिच्या ताकदीच्या आसपासची दुसऱ्यांनी लिहिलेली इंजिनं जमवतोय. पुढचे सामने त्यांच्याशी.